उड्डाण-सदृशकातील वैमानिक कक्ष : सपाट व त्रिमितीय दर्शन

विमान जमिनीवरून न हलविता उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रणेस उड्डाण-सदृशक अथवा फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. घरगुती संगणकावर चालणाऱ्या सदृशकात वैमानिकाचा कक्ष पडद्यावर चित्ररूपानेच दाखवावा लागतो. हे चित्रण दोन प्रकारे होते. पहिल्यात उपकरण फलकाचे समोरून घेतलेले सपाट चित्र पडद्याच्या खालच्या भागात स्थिर ठेवतात व वरच्या भागात बाहेरचा देखावा सरकत राहतो. दुसऱ्यात संपूर्ण कक्ष भूमितीय आकृत्यांनी रचलेला असतो आणि वैमानिकाच्या डोळ्याची जागा व दिशा बदलेल त्याप्रमाणे त्याचे यथादर्शन बदलते. यांपैकी कोणते दर्शन निवडावे, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यावर शिकाऊ वैमानिकाच्या नजरेला लागणारी सवय अवलंबून असते व ती सवय पुढे खऱ्या विमानातही त्याच्याबरोबर जाते.

त्रिमितीय हा शब्द येथे थोडा सैलपणे वापरला जातो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. साध्या पडद्यावर दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसते. त्यामुळे खोलीचे खरे ज्ञान होत नाही, होतो तो केवळ यथादर्शनाचा भास. प्रत्येक डोळ्यास निराळे चित्र पुरविणारे शिरोधार्य दर्शक वापरले, तरच हे दर्शन खऱ्या अर्थाने त्रिमितीय होते.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेल्या सदृशकास बाहेरच्या देखाव्याची गरजच नव्हती. ऑर्गन वाद्याच्या कारखान्यातील भात्यांवर डोलणाऱ्या त्या लहानशा पेटीत शिकणारा झाकण लावून बसे आणि केवळ उपकरणे वाचून ‘उडे’. ढगांत व अंधारात उडण्याचे शिक्षण देण्यासाठी ते यंत्र वापरले जाई. याच्या अगदी उलट परिस्थिती त्या काळच्या प्रत्यक्ष उड्डाणाची होती. मुंबईत जुहू येथे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या फ्लाइंग क्लबमधून ज्यांनी विमानविद्या घेतली, त्या जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, ते मुख्यतः जमिनीवरच्या खुणा पाहत. उपकरणांवरून उडणे आणि नजरेने उडणे या दोन विद्यांतील हा भेदच पुढे सपाट व त्रिमितीय दर्शनाच्या वादात निराळ्या रूपाने अवतरला.

ब्रूस आर्टविक यांच्या कार्यक्रमावर आधारलेली मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये निघाली. तीत पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात उपकरणे व वरच्या अर्ध्या भागात देखावा, अशी विभागणी होती आणि पुढे वीस वर्षे ती बहुतेकांनी कायम ठेवली. २००३ च्या आवृत्तीत त्रिमितीय कक्षातील खटके व गुंड्या माउसने फिरविता येऊ लागल्या. २०२० च्या आवृत्तीत सपाट फलक उरलाच नाही.

सपाट फलक इतका दीर्घकाळ का टिकला, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. लहान विमानातील एका तबकडीचा व्यास सुमारे ८ सेंमी. असतो. वैमानिकाच्या डोळ्यापासून ती ७० सेंमी. अंतरावर असेल, तर तिने व्यापलेला कोन सुमारे ६.५ अंश भरतो. पडद्यावर ९० अंशांचे दृक्‌क्षेत्र दाखवावयाचे आणि पडद्याच्या रुंदीत ६४० बिंदू आहेत असे धरले, तर मध्यभागी असलेल्या या तबकडीच्या वाट्यास जेमतेम ३६ बिंदू येतात. तेवढ्यात आकडे तर नाहीतच, पण काट्याची दिशाही धड उमटत नाही. सपाट फलकात मात्र हीच तबकडी शंभर-सव्वाशे बिंदूंची काढता येते. १,९२० बिंदूंच्या पडद्यावर त्रिमितीय दर्शनातही तबकडीस सुमारे ११० बिंदू लाभतात. म्हणजे सपाट फलकाची जुनी सुवाच्यता त्रिमितीय कक्षास पडदे सुधारल्यानंतरच आली.

या सुवाच्यतेचे महत्त्व दख्खनच्या पठारावर विशेष जाणवते. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो, जमिनीपासूनची नव्हे. अहमदनगर (अहिल्यानगर) शहराचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मी. उंच आहे. जलसंधारणासाठी ख्याती पावलेले हिवरे बाजार हे गाव याच परिसरात, टेकड्यांच्या कुशीत वसले आहे. शिकणाऱ्याने सदृशकात ते शोधावयाचे ठरविले आणि उंचीमापक ३,००० फूट दाखवीत आहे म्हणून तो निर्धास्त राहिला, तर त्याच्या व जमिनीच्या मध्ये फक्त २६० मी.च्या आसपास अंतर असते आणि टेकड्यांवरून जाताना ते आणखी घटते. उंचीमापकाचा लांब काटा शेकडे व आखूड काटा हजार दाखवितो. हे दोन काटे ज्या चित्रात वेगळे ओळखू येत नाहीत, ते कितीही देखणे असले तरी अभ्यासाच्या उपयोगाचे नाही.

पण गाव शोधणे हे मुळात उंचीमापकाचे काम नव्हे, ते खिडकीतून पाहण्याचे काम आहे आणि तेथे सपाट फलकाचा पांगळेपणा उघड होतो. टेकडीची सोंड, तलावाचा काठ, रस्त्याचे वळण अशा खुणा वैमानिक डावीउजवीकडे व खाली पाहून जुळवितो. जुन्या सदृशकात त्यासाठी ४५ अंशांच्या अंतराने आठ ठरावीक दिशांची चित्रे असत. कळ दाबताच एक चित्र जाऊन दुसरे येई. मान वळविताना मध्ये जे सलग दृश्य दिसते ते न मिळाल्यामुळे आपण नेमके कोणीकडे पाहत आहो, याचे भान सुटत असे.

विमानतळावर उतरण्यापूर्वीच्या घिरट्यात हा दोष अधिक महाग पडतो. धावपट्टीस समांतर जाताना तिचे टोक पंखाच्या मागे ४५ अंशांवर आले, की वळण घ्यावे, असा शिकविण्यातील प्रघात आहे. म्हणजे पाहावयाचे ते नाकाच्या दिशेपासून १३५ अंशांवर. शिवाय सेस्ना १७२ सारख्या, पंख डोक्यावर असलेल्या विमानात वळताना आतल्या बाजूचा पंख खाली येऊन धावपट्टी झाकतो. त्रिमितीय कक्षात पुढे वाकून त्या पंखाआडून डोकावता येते. अहमदनगर जिल्ह्यातच काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या शिर्डी विमानतळावर सदृशकातून घिरट्या घालून पाहिल्यास हा फरक अर्ध्या तासात कळून येतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विमान सरळ उडत असता क्षितिज नाकाच्या किती वर दिसते, हे चित्र वैमानिकाच्या मनात पक्के ठसावे लागते. सपाट दर्शनात फलकाची वरची कड कोठे असावी हे चित्रकाराने पडद्याच्या सोयीने ठरविलेले असते. ती सवय विमानात चुकीची ठरते. त्रिमितीय कक्ष मापाने रचला असल्यास हे चित्र बरेचसे खरे उतरते. ‘मापाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २४ इंची पडदा ६० सेंमी. अंतरावरून पाहणाऱ्याच्या डोळ्याशी सुमारे ४८ अंशांचा कोन होतो. त्यात ९० अंशांचे दृश्य कोंबले, की सर्व वस्तू निम्म्याहूनही लहान दिसतात व धावपट्टी आहे त्यापेक्षा दूर भासते. दृक्‌क्षेत्र आवळले, तर प्रमाण सुधारते, पण निम्मा फलक नजरेआड जातो. ही ओढाताण एका पडद्यावर सुटत नाही.

डाव्या आसनावरून उजवीकडची उपकरणे तिरपी दिसतात व पराशयामुळे काट्याचे वाचन किंचित बदलते. खऱ्या कक्षातही असेच होत असल्याने हा त्रिमितीय दर्शनाचा दोष मानण्याचे कारण नाही. संगणकावर पडणारा भार हा मात्र खरा दोष होय. भार वाढून दर सेकंदास उमटणाऱ्या चित्रांची संख्या घटली, की काटे अडखळत फिरतात आणि भूमिस्पर्शापूर्वी नाक उचलण्याचा क्षण हुकतो. संगणक दुबळा असल्यास सपाट फलक पत्करणेच श्रेयस्कर.

केवळ उपकरणांवरून उडण्याच्या सरावासाठीही सपाट फलक आजही अधिक चांगला, असे म्हणण्यास जागा आहे. मध्यभागी कृत्रिम क्षितिज, त्याच्या डावीकडे वेगमापक, उजवीकडे उंचीमापक व खाली दिशादर्शक या मांडणीवर नजर ठरावीक क्रमाने फिरविण्याचा अभ्यास स्थिर व स्पष्ट चित्रावर लवकर साधतो. ढगात बाहेर पाहावयाचे काही नसतेच. परंतु ज्याने प्रथमपासून सपाट फलकावरच शिक्षण घेतले, तो निरभ्र आकाशातही तबकड्यांवरून डोळे काढीत नाही, अशी शिक्षकांची नेहमीची तक्रार असते. दुसरे विमान समोरून येत असता ही खोड जिवावर बेतू शकते. म्हणून नवशिक्याने आरंभ त्रिमितीय कक्षात, बाहेर पाहत करावा आणि उपकरण-उड्डाणाकडे वळल्यावर सपाट फलक जवळ करावा, हा क्रम योग्य होय.

मस्तकाच्या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्याने मान थोडी वळविताच पडद्यावरील दृश्य बरेच वळते, मात्र डोळे पडद्यावरच ठेवण्याची सवय व्हावी लागते. शिरोधार्य दर्शकात मान जेवढ्यास तेवढी वळते व खोलीही कळते. तथापि हातातील नकाशा दिसेनासा होतो आणि डोळ्यांना गती दिसत असता कानातील तोलेंद्रियास ती न जाणवल्याने अनेकांना मळमळ होते.

विमान कंपन्यांच्या पूर्ण उड्डाण-सदृशकात हा प्रश्नच उद्‌भवत नाही. तेथे कक्ष खरा, हाताने चाचपता येणारा असतो. फक्त बाहेरचा देखावा वक्र आरशावरून असा परावर्तित करतात, की तो अनंत अंतरावर आहे असे दोन्ही आसनांवरील वैमानिकांस एकाच वेळी भासते. घरी सदृशक बांधणारे हौशी लोकही अलीकडे याच वाटेने जातात. ते मोठ्या पडद्यावर केवळ खिडकीबाहेरचे दृश्य ठेवतात आणि त्रिमितीय कक्षातून उपकरणांची चित्रे सुटी काढून, खाली ठेवलेल्या दुसऱ्या लहान पडद्यावर समोरून पाहिल्यासारखी सपाट मांडतात.