दंडाची बेटकुळी दाखवणारी गाडी

अमेरिकेतील डेट्रॉईट शहरातून वुडवर्ड अव्हेन्यू नावाचा एक रुंद रस्ता उत्तरेकडे पाँटिॲक गावाला जातो. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या रस्त्यावर जत्रा भरते. पालखी नाही, नवस नाही. जत्रा आहे ती जुन्या मोटारींची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, आणि म्हातारे आजोबा लांबून नुसता आवाज ऐकून नातवाला गाडीचे नाव व साल सांगतात. १९९५ साली फर्नडेल नावाच्या उपनगरात मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायचे म्हणून हा कार्यक्रम सुरू झाला. आज तो पाहायला लाखो लोक येतात.

या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. आपल्याकडे तालमीतला पोरगा बाही वर सारून दंडाची बेटकुळी दाखवतो ना, तोच हा प्रकार. अंगाने मध्यम गाडी, दोन दरवाजे, आणि पोटात बसवलेले मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन.

आता हा उद्योग सुरू कसा झाला ते ऐका, कारण त्यात एक गंमत आहे. जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीने स्वतःलाच नियम घालून घेतला होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा, मोठे इंजिन बसवायचे नाही. तिच्याच पाँटिॲक विभागातल्या इंजिनिअरांना, ज्यांचे प्रमुख जॉन डिलोरियन होते, ते पटत नव्हते. त्यांनी पळवाट काढली. नियम गाडीच्या मॉडेलला होता, गिऱ्हाईक जादा पैसे भरून मागून घेतो त्या सामानाला नव्हता. तेव्हा १९६४ साली त्यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन 'जादा सामान' म्हणून विकायला काढले आणि त्याला जीटीओ नाव दिले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. खप एवढा झाल्यावर नियम कोण आठवतो! आमच्या वाचकांनी आपली प्रीमियर पद्मिनी आठवावी. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे, म्हणजे या जीटीओच्या एका इंजिनात पद्मिनीची जवळजवळ सहा इंजिने मावतील.

मग चढाओढ लागली. १९६६ मध्ये क्रायस्लर कंपनीने ४२६ घन इंचांचे 'हेमी' इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आणले. हेमी म्हणजे अर्धगोल, त्याच्या सिलिंडरचे डोके आतून अर्ध्या गोळ्यासारखे असते. कंपनीच्या हिशेबाने त्याची ताकद ४२५ अश्वशक्ती. परंतु तरुण कामगाराच्या खिशाला ते परवडेना. म्हणून १९६८ साली प्लिमथने 'रोड रनर' काढली. आत गालिचाऐवजी रबराची चटई, साधी आसने, नखरे काही नाहीत. पैसा सगळा इंजिनात. किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कार्टूनमधल्या धावऱ्या पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी मात्र वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर मोजले, आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजणारा बसवला.

चालवायला या गाड्या गुणी होत्या असे नव्हे. सरळ रस्त्यावर बंदुकीच्या गोळीसारख्या सुटत, पण वळणावर मालकाची परीक्षा बघत. पुष्कळ गाड्यांना चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. एकदोनदा जोरात दाबले की तापून ढिले पडत. क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येई. पेट्रोल लिटरला चार किलोमीटरच्या आसपास. तरीही ज्याने एकदा चालवली तो आयुष्यभर त्या घरघराटाची आठवण काढतो.

पण ही गाडी कोणाच्या हातांनी बनत होती, हे सांगितल्याशिवाय आमच्याने पुढे जाववत नाही. डेट्रॉईटला लागून हॅमट्रॅमक नावाचे गाव आहे. तेथे 'डॉज मेन' हा अवाढव्य कारखाना होता. त्यातली सर्वांत जड, घाणेरडी आणि धोक्याची कामे कृष्णवर्णीय कामगारांच्या वाट्याला येत, आणि मुकादम बहुतेक सारे गोरे. २ मे १९६८ रोजी पट्ट्याचा वेग वाढवल्यावरून काम बंद पडले. बाहेर पडणाऱ्यांत गोरे कामगारही होते, परंतु शिक्षेचा बडगा मुख्यतः काळ्यांवर पडला. युनियनही पाठीशी उभी राहीना, तेव्हा त्यांनी 'ड्रम' ही स्वतःची क्रांतिकारी कामगार संघटना उभारली. ब्लॅक पँथरचे नाव ज्यांच्या घरात पोहोचले आहे त्या आमच्या वाचकांना या रागाची ओळख करून द्यावी लागणार नाही. पुढे १९७० सालच्या मॉडेलची डॉज चॅलेंजर निघाली तीही याच डॉज मेनमधून.

त्या चॅलेंजरपैकी एका काळ्या गाडीची कथा डेट्रॉईटमध्ये घरोघर सांगतात. १९६९च्या अखेरीस शहरातल्या एका पोलिसाने हेमी इंजिनाची नवी गाडी घेतली. दिवसा वर्दी घालून कायदा सांभाळायचा आणि रात्री हीच गाडी काढून बेकायदा शर्यतीत उतरायचे! जिंकला की थांबायचा नाही, बोलायचा नाही, अंधारात निघून जायचा. मग आठवडेच्या आठवडे पत्ता नाही. लोकांनी गाडीचे नाव ठेवले 'ब्लॅक घोस्ट', काळे भूत. पोलिसाने असे करावे हे आम्हाला पटत नाही, तरी गोष्ट रंगते खरी. काही वर्षांनी गाडी गॅरेजात गेली आणि तिथेच कित्येक वर्षे उभी राहिली. २०१५ साली मरणापूर्वी त्याने ती मुलाच्या नावे केली आणि विकू नकोस म्हणून सांगितले. मुलाने ती पुन्हा चालू केली. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिची नोंद झाली.

मधल्या काळात या गाड्यांचे दिवस फिरले होते. विमा कंपन्यांनी तरुणांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. शिसे नसलेले पेट्रोल येणार म्हणून १९७१ पासून इंजिनांचा दाब कमी करावा लागला. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची रीतच बदलली आणि कागदावरचे आकडे धाडकन खाली आले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १९७४ मध्ये जीटीओ बंद झाली. काल ज्या गाडीसाठी पोरे झुरत होती ती आज कवडीमोलाने जुन्या बाजारात उभी.

तेव्हा ज्यांनी त्या उचलल्या त्यांना आपण काय घेतो आहोत हे बहुधा ठाऊकही नव्हते. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ साली एका जोडप्याने सुमारे सहा हजार डॉलरना घेतली. बाई शिक्षिका होत्या. त्या हीच गाडी घेऊन रोज शाळेत शिकवायला जात! १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली, तर यांनी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या मुलाने ती लिलावात काढली, तेव्हा सदतीस लाख डॉलरहून अधिक मिळाले.

असे आकडे ऐकून भुलू नये. बहुतेक मालक म्हणजे निवृत्त कामगार, मेकॅनिक, दुकानदार. त्यांचा शत्रू एकच, गंज. बर्फ वितळवण्यासाठी तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचा तळ खाऊन टाकते. मग जुना पत्रा कापायचा, नवा वेल्डिंग करून बसवायचा, कार्ब्युरेटर खोलून धुवायचा. शिशाचे पेट्रोल गेल्यामुळे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या जागा झिजतात. तिथे कठीण पोलादाच्या कड्या बसवाव्या लागतात. इंजिनावर कोरलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर भाव दुप्पटही होतो, म्हणून खोटे क्रमांक कोरणारेही निपजले. घेणाऱ्याने कागद आधी पाहावा, रंग मागून.

काळ्या भुताचे पुढे काय झाले? २०२३ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या लिलावात मुलाने ती विकली. फी धरून दहा लाख डॉलरच्या वर किंमत आली. बापाचा शब्द मोडला म्हणून काही जण हळहळले. आम्ही त्याला दोष देणार नाही. गॅरेजात दहा लाख डॉलर उभे असताना पाठीमागे बायकामुले असलेला माणूस रात्री कसा झोपेल, याचा विचार हळहळणाऱ्यांनी करावा.

डॉज मेन १९८० साली बंद झाला आणि पाडला गेला. त्या जागेवर जनरल मोटर्सने नवा कारखाना बांधला, आणि २०२१ पासून तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनू लागल्या. हजार अश्वशक्तीची हमर ट्रक तिथेच तयार झाली. हेमीला ती सुरुवातीलाच मागे टाकते. आवाज मात्र काही येत नाही, आणि वुडवर्डच्या खुर्चीवरच्या आजोबांची तक्रार नेमकी तीच आहे.