आखूड नाकाचे कुत्रे आणि विमानप्रवास

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस वसलेल्या चोपडा शहरात आज कुत्र्यांच्या ज्या जाती पाहावयास मिळतात, त्या पूर्वीच्या पिढीच्या ऐकिवातही नव्हत्या. शेतावर राखणीला गावठी कुत्रा आणि एखाद्या बंगल्यात अल्सेशियन, एवढाच तेव्हा पसारा असे. २००३ साली हच या भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागोमाग धावणारा चपट्या तोंडाचा पग सर्व देशाने पाहिला आणि या जातीच्या पिल्लांना मोठ्या शहरांतून व त्यामागोमाग तालुक्याच्या गावांतूनही मागणी सुरू झाली. ज्या घरी हे पिल्लू आले, त्या घरातील मुले पुढे शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्यास, हैदराबादेस, बंगळूरूस किंवा परदेशी गेली. मागोमाग आईवडील निघाले की कुत्र्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. विमान कंपनीकडे चौकशी केली असता मिळणारे उत्तर अनेकांना अनपेक्षित असते. लॅब्रॅडॉरसारखा थोराड कुत्रा सामानकक्षातून नेण्यास तयार असलेल्या अनेक कंपन्या पगला मात्र सामानकक्षात घेत नाहीत.

हा नियम लहरीचा नाही. कुत्र्याच्या स्वभावाशीही त्याचा संबंध नाही. त्याचे मूळ कुत्र्याच्या नाकात आहे.

श्वासाची रचना

माणसाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांपुरता थोडासा येतो, पण त्याने शरीराचे तापमान उतरत नाही. कुत्रा थंड होतो तो धापा टाकून. नाकाच्या पोकळीतील वळणदार, ओलसर पडद्यांवरून व जिभेवरून हवा वेगाने खेळते, ओलावा उडून जातो आणि त्याबरोबर उष्णताही बाहेर पडते. नाक जितके लांब, तितका या पडद्यांचा विस्तार अधिक. आपला गावठी कुत्रा किंवा लातूरकडचा कारवान हा शिकारी कुत्रा या दृष्टीने उत्तम घडणीचा आहे.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, शित्झू, पेकिनीज या जातींत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तोंड आखूड केले. कवटीचे हाड आखूड झाले, परंतु आतील मांसल भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. परिणामी नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागील मऊ पडदा लांब, आणि कित्येकांच्या बाबतीत श्वासनलिकाही बारीक अशी अवस्था झाली. घरी पंख्याखाली झोपलेल्या पगचे घोरणे घरच्यांना गमतीचे वाटते. वस्तुतः तो अडलेल्या श्वासाचा आवाज असतो.

असा प्राणी घाबरला की धापा टाकू लागतो. जोराने ओढलेल्या श्वासाने घशातील मऊ भागास सूज येते, वाट आणखी अरुंद होते, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही आणि धापा वाढतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांपलीकडे गेले म्हणजे उष्माघाताची अवस्था येते आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणी दगावतो. बंद पिंजऱ्यात, अंधारात, मालकापासून दूर असताना हे घडले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेच्या परिवहन विभागाने २०१० साली यासंबंधीची आकडेवारी प्रसिद्ध केली. मे २००५ ते मे २०१० या पाच वर्षांत विमानाने पाठविलेली किमान १२२ कुत्री दगावल्याची नोंद झाली होती. त्यांपैकी १०८ कुत्र्यांची जात ठाऊक होती आणि त्यांतील जवळजवळ निम्मी आखूड नाकाची होती. इंग्लिश बुलडॉग २५, पग ११. उलट घरोघरी आढळणारे लॅब्रॅडॉर अवघे ७. विमानाने प्रवास करणाऱ्या एकूण कुत्र्यांच्या मानाने हे मृत्यू थोडे आहेत हे खरे. परंतु एकाच प्रकारच्या जातींवर त्यांचा भार इतका पडावा, हे दुर्लक्षिण्याजोगे नव्हते.

कळसूबाईहून उंच

विमानाच्या पोटातील सामानकक्ष म्हणजे थंडगार, निर्वात जागा, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. मोठ्या प्रवासी विमानांत सामानकक्षातही प्रवासी कक्षाप्रमाणेच हवेचा दाब राखला जातो, आणि जनावरांसाठी नेमलेल्या कप्प्यात तापमानाचीही व्यवस्था असते. तथापि हा दाब जमिनीवरील दाबाइतका नसतो. विमान उंचावर असताना आतील हवा सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावरील हवेइतकी विरळ असते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे धडधाकट कुत्र्याला जाणवणारही नाही, पण आधीच अर्ध्या श्वासावर जगणाऱ्या कुत्र्याला भारी पडेल, अशी ही हवा होय.

आणि खरा धोका अनेकदा आकाशात नसून जमिनीवर असतो. पिंजरा विमानात चढविण्यापूर्वी काही काळ धावपट्टीलगतच्या फरसबंद मैदानावर सामानाच्या गाडीत थांबतो. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या वेळी काँक्रीटलगतच्या हवेची कल्पना खानदेशातील माणसाला वेगळी सांगावयास नको. उन्हाळ्यात कित्येक कंपन्या सामानकक्षातून जनावरांची वाहतूक आवरती घेतात, त्याचे कारण हेच. जळगावच्या विमानतळाचे उद्‌घाटन २०१२ साली झाले. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली तेथून सेवा सुरू झाली आणि मध्यंतरीच्या खंडानंतर २०२४ साली पुन्हा उड्डाणे होऊ लागली. ही विमाने लहान, पंख्यांची आहेत. त्यांचा सामानकक्ष बेताचाच असतो. त्यामुळे चोपड्याच्या कुटुंबाने जनावरासह प्रवास करावयाचा तर ते विमान प्राणी घेते किंवा नाही, हे तिकिटापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

प्रवासी कक्षात मालकाजवळ कुत्रा नेता आला तर अर्थातच बरे. नोव्हेंबर २०२२ पासून आकासा एअरने अशी सोय केली, तेव्हा पिंजऱ्यासह वजनाची मर्यादा ७ किलो होती. पुढे ही मर्यादा १० किलोपर्यंत वाढविण्यात आली. पूर्ण वाढलेल्या पगचे वजन सहा ते आठ किलो भरते. म्हणजे मर्यादा ७ किलोची असेल तेथे पिंजऱ्यासह पग वर बसत नाही आणि जातीमुळे त्याला खालीही घेतले जात नाही. लाडाने खाऊ घालून बारा किलोचा झालेला पग तर कोठेच बसत नाही. अशा कुत्र्याचे वजन उतरविणे हे प्रवासासाठीच नव्हे, तर त्याच्या श्वासासाठीही आवश्यक आहे.

प्रवासी कक्षातही दक्षता हवीच. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात फ्रेंच बुलडॉगचे एक पिल्लू पिशवीसह डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात ठेवले गेले आणि विमान उतरेपर्यंत ते दगावले होते. त्याच महिन्यात कुत्र्यांची ठिकाणे चुकल्याचे प्रकारही घडल्याने कंपनीने सामानकक्षातील प्राणीवाहतूक थांबविली आणि जुलैमध्ये ती पुन्हा सुरू करताना आखूड नाकाच्या जाती वगळल्या.

दुसरी यादी

वरील यादीशी गल्लत होते ती दुसऱ्या एका यादीची. पिट बुल, टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो अशा आक्रमक मानल्या गेलेल्या जातींना काही कंपन्या मुळीच घेत नाहीत, तर काही अधिक मजबूत पिंजऱ्याची अट घालतात. शिवाय उतरावयाच्या देशाचा कायदा आड येतो. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने या चार जातींवर बंदी घातली आणि २०२३ च्या अखेरीस तीत एक्सएल बुली या प्रकाराची भर घातली. पहिली यादी कुत्र्याच्या जिवासाठी आहे, दुसरी माणसाच्या. दोन्हींना ‘बंदी’ हा एकच शब्द वापरल्याने आपला पग धोकादायक ठरविला गेला, असा मालकाचा ग्रह होतो.

भारतात केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी पिट बुल, रॉटवायलर, मास्टिफ आदी २३ जातींच्या विक्रीस व पैदाशीस परवाने न देण्याविषयी राज्यांना कळविले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे परिपत्रक रद्द ठरविले. ते परिपत्रक वाहतुकीविषयी नव्हते. तथापि ग्रामपंचायतीच्या फलकावर अशी जुनी कात्रणे लागून राहिल्यास गैरसमज पसरतो.

पिंजऱ्याचे माप

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाच्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमावलीनुसार कुत्र्याला पिंजऱ्यात नैसर्गिकपणे उभे राहता, बसता, वळता व पडता आले पाहिजे. माप घेण्याची रीत शाळेतील मुलांनाही करता येईल इतकी सोपी आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी व तीत जमिनीपासून पुढील पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा. ही पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही पिंजऱ्याची रुंदी. उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंतची उंची, अधिक अंथरुणाची जाडी, ही पिंजऱ्याची उंची. आखूड नाकाच्या कुत्र्यासाठी हे सर्व एक दशांशाने वाढवावे. समजा, एखाद्या पगची लांबी ४५, कोपराची उंची १६, खांद्यांची रुंदी २२ व एकूण उंची ३८ सेंटिमीटर आहे. त्याला अंथरूण सोडून ५३ × ४४ × ३८ चा पिंजरा निघतो आणि एक दशांश वाढविल्यावर सुमारे ५८ × ४८ × ४२ सेंटिमीटरचा. हवेसाठी चारही बाजूंस झरोके हवेत. पाण्याचे भांडे बाहेरून भरता येईल असे असावे.

कुत्रा शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देण्याची पद्धत सर्वथा टाळावी. त्याने श्वास मंदावतो आणि तोल सावरण्याची शक्ती जाते. प्रवासापूर्वी पंधरा दिवस त्याच पिंजऱ्यात निजण्याची सवय लावणे हा त्याहून खात्रीचा उपाय होय.

दाखल्याचे मोल

विमानातून प्राणी नेण्याबाबतची तरतूद १९३७ च्या विमान नियमांत असून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १९८५ साली त्यासंबंधी परिपत्रक काढले. त्यातील मुख्य अट आरोग्याच्या व रेबीज प्रतिबंधक लसीकरणाच्या दाखल्याची आहे. हा दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच लागतो. पशुधन पर्यवेक्षकाची सही चालत नाही. त्यावर लसीचे नाव, तुकडी क्रमांक व तारीख असावी.

जनावर न पाहता, ओळखीवर दिलेला दाखला मिळविणे अवघड नसते, आणि तेथेच या साऱ्या व्यवस्थेला भोक पडते. पशुवैद्यकाने नाकपुड्या पाहिल्या, छाती ऐकली, कुत्र्याला आवारात चार फेऱ्या चालवून त्याचा श्वास किती वेळात पूर्ववत होतो हे तपासले, तर ‘प्रवासास योग्य’ या दोन शब्दांना अर्थ. नाही तर तो कागद फक्त विमान कंपनीची जबाबदारी कमी करतो, कुत्र्याचा धोका नव्हे. ‘हा कुत्रा पाठवू नका’ असे सांगणारा पशुवैद्यक मालकाला त्या क्षणी अप्रिय वाटतो, परंतु त्याने आपले काम केलेले असते.

परदेशी जावयाचे असल्यास तयारी फार आधीपासून लागते. युरोपीय संघाच्या देशांसाठी प्रथम कातडीखाली ओळखीची सूक्ष्म चकती, नंतर रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम आहे. चकती बसविण्यापूर्वी टोचलेली लस धरली जात नाही. चार महिने वाया जातात ते बहुधा या एका चुकीने. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान कुत्र्यास प्रवेश बंद केला असून, भारताचा समावेश रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांत असल्याने येथून जाणाऱ्या कुत्र्यांना जादा अटी आहेत. भारतातून निघताना केंद्र शासनाच्या प्राणी संगरोध केंद्राचा निर्यात दाखलाही घ्यावा लागतो. असे केंद्र मुंबईस आहे.

रेल्वेची वाट

देशातल्या देशात जावयाचे असल्यास रेल्वेचा विचार अवश्य करावा. चोपड्यास रेल्वे नाही. अमळनेर, धरणगाव किंवा जळगाव गाठावे लागते. रेल्वेत जातीची यादी नाही. वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन किंवा चार शायिकांचा संपूर्ण कक्ष आरक्षित केल्यास कुत्रा मालकाजवळ राहू शकतो. त्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करावी लागते, म्हणून गाडीच्या वेळेआधी दोन-तीन तास पोहोचणे इष्ट. द्वितीय व तृतीय श्रेणीच्या वातानुकूलित डब्यांत किंवा शयनयानात कुत्रा नेता येत नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातील श्वानपेटीचा आहे. तो स्वस्त पडतो. परंतु भुसावळ-जळगावच्या उन्हात तापलेल्या लोखंडी डब्यातील ती पेटी आखूड नाकाच्या कुत्र्याला विमानाच्या सामानकक्षाहून बरी नाही. रेल्वेने मनाई केलेली नाही, एवढ्यावरून तेथे पग ठेवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, रात्रीच्या गाडीने, प्रथम वर्गात जाण्याची सोय होत नसेल, तर मोटारीने पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी पहिला टप्पा गाठावा आणि दुपार सावलीत काढावी.