एक चुकलेलं साल आणि हिमालयाचा वाद

२००७ साली आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाचा चौथा अहवाल आला. आशियावरच्या प्रकरणात म्हटलं होतं की तापमानवाढीचा हाच वेग राहिला तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याच्याही आधी, नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. मंडळाचे अध्यक्ष तेव्हा राजेंद्र पचौरी होते आणि त्याच वर्षी मंडळाला अल गोर यांच्या जोडीने शांततेचं नोबेल मिळालं. त्यामुळे त्या सालाकडे संशयाने बघायचं फारसं कोणाच्या मनात आलं नाही.

खरं तर साध्या हिशेबानेही शंका यायला हवी होती. मोठ्या हिमनदीतला बर्फ शेकडो मीटर जाड असतो आणि सरासरी वर्षाला अर्धा-एक मीटर झिजतो. मग अठ्ठावीस वर्षांत तो संपणार कसा?

नोव्हेंबर २००९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा एक चर्चानिबंध प्रसिद्ध केला. हिमनद्या मागे सरकत आहेत हे रैनांनी नाकारलं नव्हतं. पण हे सरकणं नेहमीपेक्षा वेगळं आहे असं मोजमापांवरून दिसत नाही, आणि गंगोत्री हिमनदीचं मुख तर गेली दोन वर्षं जवळपास जागच्या जागी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पचौरींनी याची ‘वूडू सायन्स’ म्हणून संभावना केली. कोपनहेगनची हवामान परिषद महिन्यावर आली होती. बघता बघता मंत्री विरुद्ध मंडळाचे अध्यक्ष असा सामना उभा राहिला आणि दोन्हीकडचे लोक आपापली बाजू धरून बसले.

२०३५ हे साल आलं कुठून, याचा माग हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच काढला. आयपीसीसीने आधार घेतला होता डब्ल्यूडब्ल्यूएफच्या २००५ च्या अहवालाचा. त्या अहवालाचा आधार होता ‘न्यू सायंटिस्ट’मधली १९९९ ची बातमी, आणि बातमीमागे होतं हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्याशी झालेलं बोलणं. शोधनिबंध यात कुठेच नव्हता. कॅनडातले ग्रॅहम कॉगली यांना १९९६ चा एक रशियन अहवाल सापडला. त्यात ध्रुवांबाहेरच्या हिमनद्या २३५० पर्यंत कितीतरी आक्रसतील असा अंदाज होता. आकड्यांची अदलाबदल तिथूनच झाली असावी, असं त्यांचं अनुमान होतं. २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने चूक जाहीरपणे मान्य केली.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतो तो मंडळाचा ताठा. मसुदा तपासणीसाठी फिरत असतानाच जपान सरकारने या विधानावर प्रश्न विचारले होते. ऑस्ट्रियाचे हिमनदीतज्ज्ञ गेऑर्ग कासर यांनीही अहवाल छापला जाण्यापूर्वीच सावध केलं होतं, असं नंतर सांगितलं. ते कोणी मनावर घेतलं नाही. तरीही चूक धरणारी माणसं बर्फ वितळतोय म्हणून जिवाला घोर लागलेलीच होती, हे विसरून चालणार नाही. ‘एक साल खोटं म्हणजे सगळंच खोटं’ असा कांगावा पुढे ज्यांनी केला, त्यांच्या कामी या माणसांची सचोटी आली, याचं वाईट वाटतं.

रैनांच्या म्हणण्यातही एक मोठी फट होती. हिमनदीचं मुख कुठे आहे एवढ्यावरून तिची प्रकृती कळत नाही. गंगोत्रीसारख्या हिमनदीच्या खालच्या टोकाला दगडगोट्यांचा जाड थर असतो. तो उन्हाची झळ बर्फापर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे मुख बरीच वर्षं हलत नाही आणि हिमनदी मात्र वरून पातळ होत जाते. खरा हिशेब मिळतो तो बर्फाच्या जमाखर्चातून. लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून हे काम सलग चाललं आहे. वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोकं पाडून बांबूच्या काठ्या रोवतात. उन्हाळा सरला की पुन्हा चढून जायचं आणि काठी किती उघडी पडली ते मोजायचं. वरच्या अंगाला खड्डे खणून त्या वर्षीचा बर्फ किती साठला ते बघायचं. विरळ हवेत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत करायचं हे काम आहे. २००९ मध्ये दोन्ही बाजू तावातावाने भांडत होत्या तेव्हा अख्ख्या भारतीय हिमालयात अशा नोंदी असलेल्या हिमनद्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

पुढे चित्र स्पष्ट होत गेलं. अमेरिकेच्या शीतयुद्धकाळातल्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं खुली झाली होती. त्यांच्या आधारे २०१९ मध्ये सुमारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळाच्या मानाने २००० नंतर बर्फ दुप्पट वेगाने घटतोय, असं त्यात दिसलं. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने त्याच वर्षी सांगितलं की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ शतकाअखेर जाईल.

‘वितळतोय का’ हा वाद मिटला, पण वितळण्याची झळ खाली खोऱ्यांत आधीच पोचली होती. जून २०१३ मध्ये अतिवृष्टीत केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला आणि उत्तराखंडात हजारोंचा बळी गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासायला दिलेल्या २४ जलविद्युत प्रकल्पांपैकी २३ प्रकल्पांनी जैवविविधतेची भरून न येणारी हानी होईल, असं समितीने सांगितलं. त्यावरही वर्षानुवर्षं खल झाला. कोळसा कमी करायचा तर पाण्याची वीज हवी, हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. फक्त ज्या खोऱ्यात धरण बांधायचं त्याच्या डोक्यावर काय साठलंय, हे त्यात धरलेलंच नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चमोलीत डोंगराचा कडा बर्फासकट कोसळला. ऋषिगंगा प्रकल्प वाहून गेला, तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले, आणि मृत व बेपत्ता मिळून दोनशेवर माणसं गेली.

सिक्कीमच्या साउथ ल्होनाक तलावाबद्दल तर अंधारात कोणीच नव्हतं. तो वाढतोय हे उपग्रहांवरून वर्षानुवर्षं दिसत होतं. २०१६ मध्ये तीन पाइप टाकून पाणी कमी करण्याचा प्रयत्नही झाला. ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्री तो फुटला आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं. १२०० मेगावॅटच्या या प्रकल्पाला लेपचा समाजातल्या अनेकांनी आधीपासून विरोध केला होता. २०२५ च्या सुरुवातीला पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने त्याच जागी, पूर्वीपेक्षा उंच आणि काँक्रीटचं, धरण बांधण्याच्या बाजूने शिफारस केली. फुटलेल्या तलावात अजून पाणी आहे, आणि चुंगथांगच्या लोकांनी नव्या धरणाविरुद्ध पुन्हा आवाज उठवला आहे.