रिकामा रकाना आणि ‘नल’चे गणित

डेटाबेसच्या तक्त्यात एखाद्या रकान्यात काहीच भरलेले नसेल, तर तिथे ‘नल’ आहे असे म्हणतात. शून्य ही किंमत असते. एकही अक्षर नसलेला मजकूर हीसुद्धा किंमतच असते. नल असेल तर किंमत नोंदलेलीच नसते. तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याची रिलेशनल पद्धत आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. पुढे १९८५ मध्ये त्यांनी अशा डेटाबेससाठी नियम घालून दिले. त्यांतला तिसरा नियम नलसंबंधी होता: रकान्याचा प्रकार कोणताही असो, नसलेली माहिती शून्यापासून आणि कोऱ्या मजकुरापासून वेगळी ओळखता आली पाहिजे.

तक्ता नुसता वाचायचा असेल तेव्हा हा फरक फारसा जाणवत नाही. त्यातल्या किमती बदलायला घेतल्या की मात्र तो पावलोपावली आडवा येतो. ‘निकाल’ नावाच्या तक्त्यात चार विद्यार्थ्यांच्या ओळी आहेत असे समजू. गुणांच्या रकान्यात तिघांचे ६०, २५ आणि ५० असे आकडे आहेत. चौथ्याची जागा रिकामी आहे. सर्वांना पाच वाढीव गुण द्यायचे म्हणून ‘अपडेट निकाल सेट गुण = गुण + ५’ ही आज्ञा दिली, तर पहिल्या तिघांचे ६५, ३० आणि ५५ होतात. चौथ्याचा रकाना रिकामाच राहतो, कारण माहीत नसलेल्या आकड्यात पाच मिळवले तरी उत्तर माहीत नसलेलेच. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस मात्र चार ओळी बदलल्याचे कळवतो. त्याच्या लेखी चौथ्या ओळीतही नव्याने किंमत लिहिली गेलेली असते. ती नल होती आणि नलच राहिली. त्यामुळे बदललेल्या ओळींचा आकडा बरोबर आला, एवढ्यावरून काम नीट झाले असे मानता येत नाही.

अटी लावताना गोष्ट आणखी अवघड होते. डेटाबेसला आज्ञा देण्याच्या एसक्यूएल या भाषेत अटीचे उत्तर खरे, खोटे किंवा अज्ञात असे तीनपैकी एक असते आणि ‘अपडेट’ फक्त ‘खरे’ ठरलेल्या ओळींना हात लावते. ३५ पेक्षा कमी गुण असलेल्यांच्या पुढे ‘फेरपरीक्षा’ असा शेरा लिहायला सांगितले, तर ३० गुणांचा विद्यार्थी सापडतो, चौथा सापडत नाही. ३५ किंवा त्याहून जास्त गुणांच्या पुढे ‘उत्तीर्ण’ लिहायला सांगितले, तरी तो सापडत नाही. दोन अटींत सगळे आकडे सामावतात आणि तरीही एक विद्यार्थी दोन्ही याद्यांतून गळतो, ही नलमुळे नेहमी होणारी आणि उशिरा ध्यानात येणारी चूक आहे. ‘गुण = नल’ असे लिहूनही तो हाती लागत नाही. अज्ञाताची अज्ञाताशी केलेली तुलनाही अज्ञातच ठरते. त्यासाठी ‘गुण इज नल’ अशी वेगळी अट लिहावी लागते. रकाना मुद्दाम रिकामा करायचा असेल तर मात्र ‘सेट गुण = नल’ हेच बरोबर, कारण तिथले बरोबरचे चिन्ह तुलनेचे नसून किंमत ठेवण्याचे आहे.

रिकाम्या जागी शून्य भरून टाकण्याचा मोह इथेच होतो. ‘कोअॅलेस’ हे फंक्शन दिलेल्या किमतींपैकी नल नसलेली पहिली किंमत उचलते, त्यामुळे हे काम एका ओळीत होते. पण वरच्या तक्त्याची सरासरी काढून पाहावी. सरासरी काढताना नल सोडून दिला जातो, म्हणून १५० ला तिनाने भागून ५० येतात. चौथ्या जागी शून्य भरले की तेच उत्तर ३७.५ होते. विद्यार्थी गैरहजर होता, की त्याची उत्तरपत्रिका अजून तपासून व्हायची आहे, याचा विचार न करता भरलेले शून्य वर्गाचा निकालच बदलून टाकते.

दुसऱ्या तक्त्यातून किमती आणताना उलटा धोका असतो. फेरतपासणीच्या तक्त्यात एकाच विद्यार्थ्याची नोंद आहे आणि त्याचे गुण ५५ वरून ६२ झाले आहेत. तिथले गुण आणण्यासाठी ‘सेट’मध्ये उपप्रश्न लिहिला, पण ‘व्हेअर’ची अट घातली नाही, तर त्याचे ६२ होतात आणि ६५ व ३० हे चांगले भरलेले गुण पुसले जाऊन तिथे नल येतो. फेरतपासणीच्या तक्त्यात ज्यांची नोंद आहे तेवढ्याच ओळी बदलाव्यात, ही अट घालावीच लागते; ती ‘एक्झिस्ट्स’ वापरून घालता येते. अटींनुसार किंमत ठरवणारे ‘केस’ लिहिताना ‘एल्स’ विसरले, तर कोणत्याच अटीत न बसणाऱ्या ओळींचेही असेच होते.

मजकुराच्या रकान्यांत प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा निराळी. ओरॅकल कोऱ्या मजकुरालाच नल मानतो. पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल मात्र कोरा मजकूर आणि नल वेगळे ठेवतात. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव जोडून पूर्ण नावाचा रकाना भरताना वडिलांचे नाव नल असेल, तर पोस्टग्रेसक्यूएलमध्ये दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने जोडलेले पूर्ण नावच नल होते.

मोठा बदल करण्याआधी तीच अट ‘सिलेक्ट’ला लावून कोणत्या ओळी येतात ते डोळ्यांखालून घालावे. बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करावा. ‘कमिट’ करेपर्यंत ‘रोलबॅक’ने मागे फिरता येते. नल का आहे, याचे कारण शेऱ्याच्या रकान्यात आधीच नोंदवावे. एकदा शून्य भरून ‘कमिट’ केले की खरे शून्य कोणते आणि भरलेले कोणते, हे त्या रकान्यावरून कळत नाही. पुढे रकाना रिकामा राहूच द्यायचा नसेल तर त्यावर ‘नॉट नल’चे बंधन घालावे. पण जुन्या ओळींत एक जरी नल उरला असेल, तरी पोस्टग्रेसक्यूएल आणि ओरॅकल हे बंधन लावायला नकार देतात.