आधी वारा पाहा, मग सूर्यास्त

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर लग्न करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती हॉटेलच्या गच्चीची. पांढरी घरं, निळे घुमट आणि खाली ज्वालामुखीच्या स्फोटानंतर खचलेल्या जमिनीत शिरलेला समुद्र. फोटो पाहून कुणीही हरखेल. तरीही कळकळीनं सांगावंसं वाटतं की गच्ची नंतर ठरवा, आधी तारीख ठरवा.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा कोरडा वारा वाहतो. तो एकदा सुटला की कित्येक दिवस थांबत नाही. बोटी रद्द होतात, फुलांची आरास उधळते, अंतरपाट हातात ठरत नाही. गर्दीही याच महिन्यांत असते. बेटाची वस्ती जेमतेम पंधरा हजारांची आणि पाहुणे लाखोंनी. क्रूझवरून उतरणाऱ्यांवर ग्रीस सरकारनं जुलै २०२५पासून भर हंगामात माणशी २० युरो शुल्क लावलं. योगायोग असा, की आपला चातुर्मास याच सुमारास सुरू होतो आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स समाजही ऑगस्टचा पहिला पंधरवडा उपवासाचा म्हणून लग्नं टाळतो. राहतो तो मे आणि जून. फक्त अधिक महिना तपासून घ्या. २०२६मध्ये तो नेमका १७ मे ते १५ जून असा आला आहे.

गोरज मुहूर्त धरायचा असेल तर तिथं जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो. उन्हाळ्यात ग्रीसचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, पण घरच्या पंचांगातल्या वेळेतून अडीच तास वजा केले की मुहूर्त मिळाला, असं होत नाही. सूर्योदय-सूर्यास्त आणि लग्नरास त्या त्या स्थळाप्रमाणे बदलतात. बेटाचे अक्षांश-रेखांश देऊन गुरुजींकडून मुहूर्त नव्यानं काढून घ्यावा.

कायद्याचं लग्न मात्र निघण्याआधी इथंच उरकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रीसमध्ये १९८२पासून नागरी विवाह करता येतो, परदेशी जोडप्यांनाही. पण त्यासाठी जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, त्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, आणि ग्रीक भाषांतर एवढा खटाटोप लागतो. आपल्याकडे विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस दिली की नोंदणी होते. मग बेटावर उरतो तो निव्वळ सोहळा. निळ्या घुमटांची ती चर्च ऑर्थोडॉक्स पंथाची आहेत, दोन हिंदूंचं लग्न तिथं लागत नाही. श्रद्धास्थानाचा मान राखून फोटो दुरूनच काढावेत.

होमाची गोष्ट सगळ्यात नाजूक. मे ते ऑक्टोबर हा ग्रीसमध्ये वणव्यांचा अधिकृत हंगाम असतो आणि उघड्यावरच्या आगीबाबत प्रशासन फार कडक राहतं. अग्नी पेटवायला परवानगी आहे का, हे जागेच्या मालकाकडून लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि आजी-आजोबांचा विचार करा. कड्यावरच्या इया गावात गाड्या वेशीशीच थांबतात, पुढे अरुंद गल्ल्या आणि पायऱ्याच पायऱ्या. गुडघे धरलेल्या माणसाला त्या कड्यावर बोलावणं मला क्रूर वाटतं. त्यापेक्षा आतल्या भागातले द्राक्षमळे निवडा. वाऱ्यापासून फळ वाचावं म्हणून तिथं वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवतात. जागा सपाट असते आणि गाडी थेट आत जाते. पाहुणे पन्नासच्या आत ठेवावेत. बेटावर गोड पाण्याचे साठे नावालाच आहेत, पाणी बरंचसं समुद्राचं खारेपण काढून मिळवतात. त्यावर तीनशेंची हळद खेळणं बरं नव्हे. यादी लहान असली की शेंगेन व्हिसाचे अर्जही आवाक्यात राहतात. ते प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतात, तेव्हा उन्हाळ्याची गर्दी गाठू नका.

जेवणात तिथला ‘फावा’ जरूर असू द्या. विदर्भातल्या लाखोळीच्या जवळच्या नात्यातली ही पिवळी डाळ राखेच्या जमिनीत जवळपास पावसाविना पिकते. मऊ शिजवून घोटतात, वरून ऑलिव्ह तेल आणि चिरलेला कांदा. वरणभाताच्या पंगतीला ती परकी वाटणार नाही.