जखम भरल्यानंतरचा खर्च

खोल भाजलेल्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागाची कातडी लावतात. जखम झाकली जाते, पण त्या कातडीला पूर्वीसारखा घाम येत नाही, आणि घामाशिवाय शरीर थंड व्हायचं कसं? म्हणूनच टुरिया पिट यांचं धावणं मला फार मोठं वाटतं. सप्टेंबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात १०० किलोमीटरच्या शर्यतीत त्या वणव्यात सापडल्या. ६५ टक्के शरीर भाजलं. २०१६ मध्ये हवाईच्या उकाड्यात त्यांनी आयर्नमन स्पर्धा पूर्ण केली, म्हणजे पोहणं आणि सायकल झाल्यावर आणखी ४२.१९५ किलोमीटर धावणं. गरीब देशांत प्लास्टिक सर्जरीची सोय करणाऱ्या ‘इंटरप्लास्ट’साठी त्या निधीही उभारत राहिल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसं मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. अपघात ताजा असतो तेव्हा नातलग, शेजारी, गाव धावून येतं. खरी ओढाताण सुरू होते ती घरी सोडल्यावर. व्रण फुगू नयेत म्हणून अंगाला घट्ट बसणारे प्रेशर गारमेंट दिवसाचे जवळजवळ २३ तास घालायचे, तेही अनेकदा वर्षभर किंवा त्याहून जास्त. ते सैल पडतात, मग पुन्हा माप, पुन्हा पैसे. लहान मुलांचं तर आणखी अवघड. मूल वाढतं, व्रणाची कातडी त्या वेगानं वाढत नाही. मान, कोपर, बोटं आखडतात आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. प्रत्येक फेरीला आई किंवा बापाची मजुरी बुडते.

धावून जमवलेला पैसा इथे लागावा, असं मला मनापासून वाटतं. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक जण एखाद्या संस्थेसाठी धावतात. संस्था निवडायची, निधीचं पान उघडायचं, दुवा नातलगांना आणि ऑफिसातल्यांना पाठवायचा; देणगी संस्थेच्या कामासाठी जमा होते. संस्थेनं राखलेल्या जागेवर धावायचं असेल, तर ठरावीक रक्कम उभी करण्याची जबाबदारीही येते.

आवाहनात नुसतं ‘मदत करा’ लिहू नये. एका मुलाचे वर्षभराचे गारमेंट, एका बाईची फिजिओथेरपी, असं नेमकं काम आणि त्याचा खर्च संस्थेला विचारून मांडावा. आणि कृपा करून कुणाचा भाजलेला चेहरा दया मिळवण्यासाठी वापरू नये. त्या माणसाला उद्या त्याच चेहऱ्यानं नोकरी मागायला जायचं असतं.

पैशांइतकीच टंचाई कातडीची आहे; फार भाजलेल्या माणसाला स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा दान केलेली लागते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत त्वचादान करता येतं. रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. मुंबईत सायन रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. देणगी मागायला घरोघरी जाल, तेव्हा हाही विषय काढा. त्या सहा तासांत होकार घरच्यांनाच द्यायचा असतो.