दावोस : करारांच्या आधीचे गाव

पैनगंगेच्या एका काठाला तेलंगण, दुसऱ्या काठाला यवतमाळ. तेलंगणाच्या काठावरच्या जैनथ भागात मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात आणि दर जानेवारीत जागतिक आर्थिक मंचाच्या परिषदेमुळे दोन्ही भाषांच्या बातम्यांत एकच परदेशी गाव झळकते : स्वित्झर्लंडमधले दावोस. २०२५ साली महाराष्ट्राने तिथे १५ लाख कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचे करार जाहीर केले, तेलंगणाने पावणेदोन लाख कोटींहून अधिकचे. आकडे घरोघरी पोहोचले, गाव मात्र अनोळखीच राहिले.

झ्युरिचहून लांडक्वार्टला उतरायचे आणि तिथून रेटियन रेल्वेची लाल गाडी धरायची. गाडी सुमारे १,५६० मीटर उंचीवरच्या दरीत पोहोचते. तेराव्या शतकात इथे वाल्सर लोक येऊन वसले. १४३६ मध्ये इथेच दहा न्यायक्षेत्रांचा संघ स्थापन झाला. तरीही पुढची कित्येक शतके ही गुरे पाळणाऱ्यांचीच दरी होती.

ते चित्र पालटले क्षयरोगामुळे. जर्मनीतल्या १८४८-४९ च्या बंडात सामील झालेला आणि तिथून परागंदा व्हावे लागलेला अलेक्झांडर श्पेंगलर १८५३ साली इथे गावचा डॉक्टर म्हणून आला. स्थानिकांत क्षय जवळपास आढळत नाही, हे त्याने हेरले. ८ फेब्रुवारी १८६५ रोजी दोन आजारी जर्मन भर हिवाळ्यात उपचारासाठी आले. तोवर थंडीत उंचावर राहणे रोग्याला घातक मानले जाई! पुढे होल्सबोअर या डच गृहस्थाने श्पेंगलरच्या साथीने उपचारगृह उभारले, आणि त्याच्याच खटपटीतून १८९० मध्ये रेल्वे दावोसपर्यंत आली.

उपचार म्हणजे पडून राहणे. दक्षिणेकडे तोंड केलेल्या सज्जात, घोंगड्यांत गुंडाळून, कोरड्या थंड हवेत आणि उन्हात तासन् तास. खिशात निळ्या काचेची झाकणाची बाटली असे. खोकल्याचा बेडका जमिनीवर न टाकता तिच्यात टाकायचा. टोमास मान १९१२ मध्ये आजारी पत्नीला भेटायला इथे आला आणि १९२४ मध्ये त्याची ‘द मॅजिक माउंटन’ ही कादंबरी आली. तिच्यात ज्याचे नाव येते ते शात्झाल्प १९०० साली आरोग्यधाम म्हणून उघडले. आज तिथे हॉटेल आहे. आपल्याकडेही डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल एअर आरोग्यधाम सुरू केले, तेही क्षयरोग्यांसाठीच.

स्कीइंगची गोष्टही आजारपणातूनच निघते. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल क्षयग्रस्त पत्नीला घेऊन इथे राहिला. मार्च १८९४ मध्ये दावोसच्याच ब्रँगर बंधूंसोबत त्याने स्कीवरून खिंड ओलांडून पलीकडचे आरोसा गाव गाठले आणि त्यावर लेख लिहिला. इंग्रज वाचकांना स्कीइंगची गोडी लावण्यात त्या लेखाचा मोठा वाटा आहे. १९३४ च्या नाताळात बोल्गेनच्या उतारावर स्कीवाल्यांना वर ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली. वर वाइसफ्लुयोखवर हिम आणि हिमस्खलन यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला, तोही त्याच दशकात. पुढे क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने आरोग्यधामे ओस पाडली, तेव्हा गावाला तारले ते बर्फाने आणि परिषदांच्या सभागृहाने. १९७१ मध्ये क्लाउस श्वाब यांनी भरवलेली पहिली परिषद म्हणजे या सगळ्याच्या फार नंतरचा अध्याय.

याचा अर्थ करार कामाचे नसतात असे मुळीच नाही. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांनी केलेल्या करारात पैनगंगेवरचा चनाखा-कोरटा बंधारा होता. हा बंधारा जैनथ परिसरातलाच आणि त्याचे मोल इथल्या कापसाच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. दावोसच्या घोषणांचा हिशेबही असाच गावागावांत मागितला पाहिजे.

दावोसला जाणाऱ्या शिष्टमंडळांनी सभागृहाबाहेर पडून एक दुपार शात्झाल्पच्या सज्जात आणि हिमसंशोधन संस्थेत घालवावी. आणि परतल्यावर जैनथलाही यावे. इथल्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या आवारात परमार राजा जगद्देवाच्या काळातला शिलालेख आहे. त्यात सूर्याच्या देवळाची हकीकत आहे. प्रवाशाला त्याचा अर्थ सोप्या तेलुगूत आणि मराठीत, जागेवरच वाचता यावा, एवढी सोय दोन्ही राज्यांनी मिळून करावी.